पोचवहीतला थेंब

१

सुनावणीची फाइल उघडली तर आत सुनावणीच नव्हती.

आत होते चार कागद. पहिला आरोप: दोनशे मीटर फ्रीस्टाइल पोहणाऱ्या शेवटच्या वर्षाच्या मुलीची वर्गातली हजेरी एकसष्ट टक्के, नियम पंचाहत्तरचा, म्हणजे अपात्र असताना तिने निवड स्पर्धेत नाव दिलं. दुसरा कागद म्हणजे तिला धाडलेल्या नोटिशीची प्रत. तिसरा, कॉलेजच्या पोचवहीच्या पानाची झेरॉक्स, त्यात नोटीस मिळाल्याची तिची सही. चौथा निकाल, चार ओळींचा. ‘नोटीस मिळूनही गैरहजर. सबब दोन वर्षे बंदी. निवड स्पर्धेतील प्रवेश रद्द.’

ती काय म्हणाली, याला पाचवा कागद लागला असता. तो नव्हता.

फाइल वाचणाऱ्या बाईंना आंतरमहाविद्यालयीन क्रीडा मंडळात सगळे पाठीमागे अपीलबाई म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. दिवाणी न्यायाधीश म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी मंडळाचं हे मानद काम घेतलं होतं. तीन वर्षांत हे दुसरंच अपील. खेळाडू शिक्षा ऐकतात आणि घरी जातात. अपील करता येतं हेच बहुतेकांना माहीत नसतं.

नोकरीत होत्या तेव्हा संध्याकाळी जेवताना त्या दिवसभराचं प्रकरण नवऱ्याला सांगायच्या. तो जलरंगात चित्रं काढायचा, कायद्यातलं त्याला ओ की ठो कळत नसे. पण एक प्रश्न तो न चुकता विचारायचा, “आणि समोरचा काय म्हणाला?” त्याला जाऊन दोन वर्षं झाली होती. जेवणाच्या टेबलावर आता एकच ताट असायचं आणि तो प्रश्न विचारणारं कुणी नव्हतं. म्हणूनच असेल, त्या चार कागदांकडे पाहताना त्यांना एकदम भरून आलं.

वर मुलीचा अपील अर्ज टाचलेला होता. हाताने लिहिलेला, रेखीव अक्षर. ‘सुनावणी दि. १६ रोजी सकाळी ११:००:०० वाजता होती हे मला निकालानंतर कळले. मला नोटीस मिळालेली नाही.’ खाली मुलीची सही.

ही सही आणि पोचवहीतली सही त्यांनी शेजारी शेजारी धरल्या. शेवटच्या अक्षराची शेपटीसुद्धा सारखी होती.

मुलगी बाहेर बाकावर बसली होती. बाईंनी तिला आत बोलावलं आणि झेरॉक्स पुढे सरकवली.

“ही सही कुणाची?”

मुलीने कागद बराच वेळ पाहिला. “माझी,” ती म्हणाली.

२

“म्हणजे नोटीस मिळाली होती.”

“नाही मॅडम. सही माझी आहे. नोटीस मी डोळ्यांनी पाहिलेली नाही.”

खोटं बोलणारा माणूस आधी सही नाकारतो, हे बाईंनी तीस वर्षांत शंभरदा पाहिलं होतं. ही पोरगी स्वतःच्या गळ्यातला फास स्वतःच आवळत होती आणि तरी शांत बसली होती.

“हजेरीचं काय?”

मुलीने पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटात जपलेलं पत्र काढलं. संघाच्या सराव शिबिरात ती एकोणीस दिवस होती. कॉलेजची परवानगी, शिक्का, सही, सगळं जागच्या जागी. नव्वद दिवसांच्या सत्रात पंचावन्न दिवस ती वर्गात होती. त्यात हे एकोणीस मिळवले की ब्याऐंशी टक्के.

“हे कुणाला दाखवलंस?”

“कुणी विचारलंच नाही.”

पाच मिनिटांचं काम होतं. पण नियम आडवा येत होता: नोटीस मिळूनही जो आला नाही, त्याचं म्हणणं अपिलात ऐकायचं नाही. आधी ती सही कशी आली हे उलगडल्याशिवाय त्या पत्राला कागदाच्या तुकड्याइतकीही किंमत नव्हती. वार्षिक स्पर्धेची नावं शुक्रवारी बंद होणार होती. आज सोमवार.

“बंदीचे हे चार महिने काय करतेस मग?”

“तलावात उतरायला बंदी आहे. संध्याकाळी कुंपणाबाहेर बसते थोडा वेळ.” मुलीने वेणी पुढे घेतली, नकळत नाकाशी नेली. “आधी कितीही धुतले तरी केसांना क्लोरीनचा वास यायचा. आई वैतागायची. आता येत नाही.”

बाईंच्या घरातल्या एका कपाटालाही पूर्वी रंगांचा वास यायचा.

“कुणावर संशय?”

“नाही. म्हणजे, माझी जागा संघात माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला मिळाली. ती मला पाण्यात पाहते असं सगळे म्हणतात.” मुलगी पहिल्यांदाच जराशी हसली. “आम्ही दोघी दिवसभर पाण्यातच असायचो. दुसरीकडे कुठे पाहणार?”

“अर्ज छान लिहिलायस.”

“आमच्या पोहण्याच्या सरांनी लिहून दिला. मला असलं जमत नाही. सरांनीच सांगितलं, अपील करता येतं म्हणून. ते नसते तर मी केव्हाच घरी गेले असते.”

३

मंडळाचे सचिव ढालींनी भरलेल्या खोलीत बसत. नोटीस त्यांनीच काढली होती, निकालही त्यांचाच.

“मॅडम, त्या दिवशी सहा प्रकरणं होती. पंचवीस मिनिटांत हातावेगळी केली.”

“म्हणजे एकेकाला चार मिनिटं.”

“नियम स्पष्ट आहेत. कडक राहिलं नाही तर हे लोक डोक्यावर बसतात.”

“एक फोन करावासा वाटला नाही? दोन वर्षांचा प्रश्न होता.”

“पोच होती ना.” सचिवांनी हात झटकले. “सही आहे. आम्ही आणखी काय करायचं, घरी जाऊन हाताला धरून आणायचं?”

ही पोच सचिवांनीच मागाहून तयार करवून घेतली असेल का? निकालाच्या घाईला आधार म्हणून? बाईंनी तो विचार मनाच्या एका कोपऱ्यात ठेवला आणि वसतिगृहाची वाट धरली.

खोलीत दोन खाटा होत्या. एकीवर गादी गुंडाळून ठेवलेली. मैत्रीण दुसरीवर बसली होती, मांडीवर ओला टॉवेल.

“तुम्ही मला विचारायला येणार हे माहीत होतं,” ती म्हणाली. “सगळ्यांना वाटतं मीच ती नोटीस दाबली. मी तिच्यापेक्षा दोन सेकंद मागे आहे, मॅडम. तिची जागा मिळाली म्हणून दोन सेकंद मिळत नाहीत. शिट्टी झाली की अजून शेजारच्या लेनकडे बघते मी. तिथे कुणीच नसतं.”

“नोटीस इथे खोलीवर आली होती?”

“नाही. तलावावर.” मैत्रीण थबकली. “म्हणजे नोटीसच होती का ते माहीत नाही. नऊ तारखेला स्पर्धेची ओळखपत्रं वाटली, तेव्हा पोचवही तलावावर आली होती. वहीखाली मंडळाच्या शिक्क्याचं लांब पाकीट होतं. मी सही केली आणि अंघोळीला गेले. ती सगळ्यात शेवटी पाण्याबाहेर आली. मी परत येऊन पाहते तो बाकावर नुसती वही.”

“आणि पाकीट?”

“नव्हतं.”

“हे आधी का नाही सांगितलंस?”

तिने टॉवेल पिळल्यासारखा घट्ट धरला. “कुणी विचारलं नाही. आणि मी आपणहून सांगितलं असतं तर म्हणाले असते, बघा, ही स्वतःला वाचवतेय.”

४

कॉलेजच्या क्रीडा कचेरीतले कारकूनकाका निवृत्तीला आले होते आणि त्यांना त्या पोचवहीचा अभिमान होता.

“बाई, पंचवीस वर्षांत या वहीवर कुणी बोट ठेवलेलं नाही.”

“मी पण ठेवणार नाही. नुसती बघते.”

वही जाडजूड, लाल पाठीची. दोऱ्याने बांधलेलं शाईचं पेन. सगळ्यांनी त्याच पेनाने लिहायचं असा काकांचा दंडक. नऊ तारखेच्या पानावर सात ओळी होत्या. पहिल्या सहांत सहा पोहणाऱ्यांची नावं, पुढे ‘ओळखपत्र’, मग वेळ, मग सही. सहावं नाव त्या मुलीचं. सातव्या ओळीत पुन्हा तिचंच नाव, पुढे ‘मंडळाचे सीलबंद पाकीट’, वेळ ४:१५:००, सही.

झेरॉक्समध्ये एक धूसर डाग दिसला होता, तो मूळ पानावर निराळाच दिसत होता. बाईंनी वही खिडकीपाशी नेली. पाण्याचा एक टपोरा थेंब सहाव्या आणि सातव्या ओळीवर पडून वाळला होता. कागद तिथे सुरकुतला होता. मुलीच्या दोन्ही सह्या ओल्या हातांनी केल्यामुळे कडेला फुटल्या होत्या. वरच्या ओळीतल्या ‘ओळखपत्र’चा थेंबात सापडून निळा ढग झाला होता. आणि खालच्या ओळीतलं ‘पाकीट’ त्याच थेंबाच्या डागावरून, सुरकुतीवरून, स्वच्छ, करकरीत गेलं होतं.

बाई उभ्याच राहिल्या. नवऱ्याच्या मागे उभं राहून किती दुपारी गेल्या होत्या. ओल्या कागदावर रंग टाकला की पसरतो, वाळल्यावर टाकला की जिथल्या तिथे बसतो. आकाश आधी, झाडं मागाहून, तो म्हणायचा, आकाश वाळायची वाट बघायला लागते. त्या क्षणी त्यांना तो इतका हवासा वाटला की हातातली वही जड झाली.

“काका, शाई एकच ना?”

“एकच. दौत माझ्या टेबलावर.”

“मग वरचा शब्द फुटला आणि खालचा का नाही?”

काकांनी चष्मा वर केला, खाली केला. पानाकडे पाहता पाहता त्यांचा चेहरा उतरला.

“थेंब पडला तेव्हा वरचा शब्द होता,” बाई म्हणाल्या. “खालचा नव्हता. तिने कोऱ्या ओळीवर सही केली. पाकिटाचं मागाहून लिहिलं, कागद वाळल्यावर. हे तुम्ही लिहिलंत?”

“नाही.” काका खुर्चीत बसले. “वही निघाली आणि ऐनवेळी ते पाकीट आलं. मी घाईत नुसतं तिचं नाव घातलं. म्हटलं, बाकीचं तिथे भरतील. दुसऱ्या दिवशी सकाळी वही परत आली तेव्हा सगळं भरलेलं होतं. कोरी ओळ पाठवली हे कबूल करायची लाज वाटली, बाई. पंचवीस वर्षं झाली.”

“वही रात्रभर कुणाकडे होती?”

काकांनी उत्तर द्यायच्या आधीच बाईंची नजर वेळेच्या रकान्यावर खिळली होती. वरच्या सहाही ओळींत मुलींनी लिहिलं होतं, ‘४ वाजता’, ‘सव्वाचार’. सातवीत शून्य सेकंदसुद्धा मोजले होते. असं लिहिणारं अक्षर त्यांनी सोमवारीच पाहिलं होतं.

५

तलावावर दुपारचं कुणी नव्हतं. पाणी इतकं स्थिर होतं की तळावरच्या काळ्या रेघा आखल्यासारख्या दिसत होत्या. भिंतीवरच्या फळ्यावर उद्याचा सराव खडूने लिहिलेला होता: ‘सुरुवात ५:३०:००.’

सर बाकावर बसून लेन आखणाऱ्या तरंगत्या दोऱ्यांचे मणी दुरुस्त करत होते. साठीच्या घरातला, उन्हाने रापलेला माणूस, गळ्यात स्टॉपवॉच. बाईंनी वही त्यांच्या शेजारी ठेवली आणि अर्ज तिच्यावर ठेवला.

“घड्याळाची वेळ अशी फक्त तुम्हीच लिहिता.”

त्यांनी दोन्हीकडे पाहिलं. नाकारलं नाही. हातातला मणी दोऱ्यात ओवून, गाठ मारून, मगच ते बोलले.

“सवय आहे.”

“पाकीट?”

“माझ्या खिशात. ती विचारत होती, दोन सह्या कशाला. मी म्हटलं, एक ओळखपत्राची, एक टॉवेलची.” ते पाण्याकडे बघत होते. “घरी जाऊन पाकीट फोडलं. सोळा तारीख, सकाळी अकरा. मंडळाची कचेरी बसने दोन तासांवर. त्याच दिवशी दुपारी दोनला निवड स्पर्धा. मॅडम, चाळीस वर्षं मी काठावर उभा आहे. अशी पोहणारी एकच आली. आठवडाभर आधी तिच्या हातात हा कागद दिला असता तर ती मनानेच बुडाली असती. म्हटलं, पोहू दे. गैरहजर राहिली तर पुढची तारीख देतील. फुटबॉलवाल्यांना देतातच.”

“आणि वहीत लिहिलंत.”

“काका कोरी ओळ घेणार नाहीत हे माहीत होतं. सकाळी लिहिलं.” ते थांबले. “त्या दिवशी ती आयुष्यात सगळ्यात चांगली पोहली. संध्याकाळी मंडळात फोन केला पुढची तारीख मागायला. तर सांगितलं, निकाल लागला.”

“मग चार महिने गप्प बसलात.”

“रोज ठरवायचो, आज सांगीन. ती कुंपणाबाहेर बसलेली दिसायची. सांगितलं तर ती पुन्हा माझ्याशी बोलणार नाही, एवढंच डोक्यात यायचं.” त्यांनी स्टॉपवॉच मुठीत धरलं. “म्हणून अर्ज लिहून दिला. वाटलं, कुणीतरी बघेल. मला सांगायला न लागता.”

“ते मात्र लागेल,” बाई म्हणाल्या. “तिला. आजच. माझ्याकडून कळण्याआधी.”

ते उठले, दोनदा चपला शोधल्या. त्या पायातच होत्या.

६

गुरुवारी बाईंनी चार ओळींचा निकाल रद्द केला. सुनावणी नव्याने घ्यायची होती. नोटिशीची सात दिवसांची मुदत तिच्या सोयीसाठी होती आणि ती नको असं तिने लिहून दिलं. शुक्रवारी सकाळी सुनावणी झाली, अकरा मिनिटं चालली. मुलगी बोलली, शिबिराचं पत्र दाखवलं, सचिवांनी बेरीज दोनदा केली. ब्याऐंशी टक्के. निवड स्पर्धेतली वेळ पुन्हा नोंदीत चढली आणि तिचं नाव मैत्रिणीच्या जोडीने यादीत गेलं.

त्याच बैठकीत सचिव म्हणाले, “आता त्या प्रशिक्षकाचं. आजन्म बंदी. सगळ्यांचं एकमत आहे, दोन मिनिटांत उरकू.”

“त्यांना नोटीस दिली?” बाईंनी विचारलं.

“कबुली आहे की.”

“मला दिली आहे. मंडळाला नाही. सात दिवसांची नोटीस द्या, त्यांच्या हातात. आरोप लिहा. त्यांना बोलू द्या. मग काय ती शिक्षा करा.”

“मॅडम, त्यांनी त्या पोरीला ही संधी दिली नाही.”

“म्हणूनच,” बाई म्हणाल्या.

वार्षिक स्पर्धा पुढच्या बुधवारी झाली. चार महिने पाणी न लागलेलं शरीर पाच दिवसांत परत येत नाही. मुलगी आठ जणींत सातवी आली. मैत्रीण पाचवी. भिंतीला हात लावून मुलीने चष्मा वर केला, पाण्यातच उभी राहिली, आणि पंच दोनदा ‘वर ये’ म्हणाले तरी बराच वेळ वर आली नाही.

७

प्रशिक्षकांच्या सुनावणीला मुलगी आली. तिला बोलवायलाच हवं होतं. नुकसान तिचं होतं.

सर पाच वाक्यं बोलले. काही लपवलं नाही, काही मागितलं नाही. सचिवांनी मुलीला विचारलं, “तुला काही म्हणायचंय?”

ती उभी राहिली. सरांकडे पाहिलं नाही, टेबलाकडे पाहून बोलली.

“त्यांनी मला पोहायला शिकवलं. वडील आणि मोठा भाऊ दोघांचं मिळून केलं त्यांनी माझ्यासाठी. ते खोटं नव्हतं. पण नोटीस दिली असती तर मी शर्यत सोडून सुनावणीला गेले असते. कदाचित नसतेही गेले. तारीख बदलून मागितली असती, किंवा रडत बसले असते. काय केलं असतं ते मला आता कधीच कळणार नाही. ते ठरवायचं माझं होतं.”

मग ती म्हणाली, “मंडळानेही मला विचारलं नव्हतं. तेही लिहा.”

सचिवांनी खाली मान घालून लिहिलं. या वेळी पाचवा कागद भरला, सहावाही लागला. सरांना एक वर्षाची बंदी झाली. गैरहजर खेळाडूला दुसरी तारीख आणि एक फोन केल्याशिवाय शिक्षा करायची नाही, असा ठरावही झाला.

बाई फाइल घेऊन बाहेर आल्या तेव्हा ते दोघं जिन्यात होते. मुलगी चार पायऱ्या खाली, सर वर, कठड्याला धरून. महिनाअखेर ती दुसऱ्या गावी नोकरीवर रुजू होणार होती. तिथे तलाव आहे की नाही हे तिने विचारलंही नव्हतं.

“बुधवारी,” सर हळूच म्हणाले, “शेवटच्या वळणानंतर श्वास लवकर घेतलास.”

मुलगी थांबली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

“माहीत आहे,” ती म्हणाली.

बाई दारातच थबकल्या. मुलगी आणखी थोडा वेळ त्याच पायरीवर उभी राहिली, ते अजून काही सांगतील म्हणून. सरांनी तोंड उघडलं, मिटलं. मग तिच्या पावलांचा आवाज खाली खाली जात राहिला आणि सर तो शेवटपर्यंत ऐकत राहिले.